वकील कुणाचा? तुझा, माझा की धंद्याचा?

कॉलेजमधल्या कुठल्याही ग्रुपमध्ये डोकावलं तरी कुणी ना कुणी काहीतरी विकताना सापडतंच. गणपतीआधी शाडूच्या मूर्ती, दिवाळीआधी सुगंधी मेणबत्त्या, वर्षभर इन्स्टावर ऑक्सिडाइज्ड झुमके, मराठी वाक्यं छापलेले टी-शर्ट, नाहीतर लग्नाचे रील्स शूट करून देणं. पेज एकीच्या नावावर, यूपीआय दुसऱ्याच्या नंबरवर आणि माल तिसऱ्याच्या घरी पलंगाखाली. हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर. सगळं छान चाललेलं असतं. अशा वेळी ‘यार, आपण एखादा वकील बघायला हवा’ असं कुणी म्हटलं, तर बाकीचे त्याच्याकडे असे बघतात, जसं काही त्याने साखरपुड्यातच घटस्फोटाचा विषय काढलाय.

त्यात लहानपणापासून ऐकलेलं असतं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खोटी नाही. पण वकील म्हणजे कोर्ट, हे आपणच डोक्यात धरून बसलोय. छोट्या धंद्याला वकील सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो पायरीच्या अलीकडे, भांडण व्हायच्या आधी. आणि तो निवडताना फी किती, ऑफिस कुठे, याच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो. हा वकील आहे कुणाचा?

प्रश्न विचित्र वाटतोय? एक उदाहरण घेऊ.

‘आपल्यात कसले कागद?’

समजा तिघं मिळून टी-शर्टचा ब्रँड सुरू करतात. एकाने बाबांकडून ऐंशी हजार आणून घातले. एक जण सगळी डिझाइन्स करते. तिसरा प्रिंटरकडे चकरा मारतो, पार्सलं पोचवतो, एक्झिबिशनमध्ये स्टॉलवर दिवसभर उभा राहतो. लोगो चौथ्या मित्राने काढून दिला, फुकटात, दोस्तीखात्यात. कागद एकही नाही. आपल्यात कसले कागद?

आता गंमत बघा. नफा वाटून घ्यायचं ठरवून एकत्र धंदा सुरू केला, की कागद असो वा नसो, ती भागीदारीच. तिला १९३२ चा भागीदारी कायदा लागू होतो. आणि जे तुम्ही ठरवलेलं नाही, ते हा कायदा ठरवून टाकतो. नफा समसमान. म्हणजे ऐंशी हजार घालणाऱ्यालाही एक तृतीयांश आणि एक रुपया न घालणाऱ्यालाही एक तृतीयांश. तोटाही तसाच वाटायचा. पण बाहेरची देणी मात्र प्रत्येकाच्या अंगावर पूर्णच्या पूर्ण. प्रिंटरचे साठ हजार थकले तर तो तिघांपैकी ज्याच्या खिशात पैसे दिसतील, त्या एकट्याकडून सगळे मागू शकतो. बाकीच्या दोघांकडून त्यांचा वाटा वसूल करणं, ही मग त्याची डोकेदुखी. किती काळासाठी एकत्र आलोय, हे ठरलेलं नसेल तर कुणीही एक जण लेखी नोटीस देऊन भागीदारी मोडू शकतो. ऐन दिवाळीच्या सीझनमध्येसुद्धा.

(ज्युनिअर कॉलेजवाल्यांसाठी: अठरा पूर्ण नसतील तर तुम्ही पूर्ण भागीदार होऊ शकत नाही. बाकीच्यांच्या संमतीने नफ्यात वाटा तेवढा मिळू शकतो.)

आणि तो दोस्तीतला लोगो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक ते काढणारा. तो तुमचा नोकर नाही, तुम्ही त्याला पैसेही दिलेले नाहीत. त्याने सही करून लेखी हक्क दिले नसतील, तर तुमच्या हजार टी-शर्टवर छापलेल्या लोगोचा कॉपीराइट त्याचाच. आज त्याला काही फरक पडत नाही. ब्रँड मोठा झाला तर पडेल.

यातलं काहीच अन्याय म्हणून लिहिलेलं नाही. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून कायद्याने मधली रिकामी जागा भरली, एवढंच. ती जागा आपण आपल्या शब्दांत भरायची, तर त्यासाठी वकील लागतो.

नोटरीच्या टेबलापर्यंतच

बरेच जण इथे शॉर्टकट मारतात. कोर्टाबाहेर नोटरीचं टेबल असतं, शेजारी टायपिस्ट असतो आणि त्याच्याकडे पार्टनरशिप डीडचा तयार मजकूर असतो. नावं बदलायची, स्टॅम्पपेपरवर प्रिंट काढायची, शिक्का मारायचा, झालं. (शंभरचा स्टॅम्प मागायला गेलात तर परत पाठवतील. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात बऱ्याचशा करारांना किमान पाचशेचा लागतो.)

पण नोटरीचा शिक्का आणि फर्मची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटरी सह्या कुणी केल्या एवढं पाहतो. आत काय लिहिलंय, ते तुमच्या सोयीचं आहे का, हे बघणं त्याचं काम नाही. फर्मची नोंदणी होते रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे. ती सक्तीची नाही, म्हणून लोक करत नाहीत. आणि मग एखादा दुकानदार टी-शर्टचे पैसे बुडवतो तेव्हा कळतं, की नोंदणी नसलेली फर्म कराराच्या पैशांसाठी बाहेरच्यावर साधारणपणे दावा लावू शकत नाही. बाहेरचा मात्र फर्मवर खुशाल लावू शकतो. हे टायपिस्ट सांगत नाही. सांगावं अशी अपेक्षाही चूकच.

उलट टोकही आहे. प्रत्येक बारीकसारीक कामाला वकील लागत नाही. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आपली आपण. सरकारी वाटावी अशी दिसणारी एखादी साइट त्यासाठी पैसे मागत असेल तर टॅब बंद करा. आणि मालक बनवणारे किंवा सेवा देणारे असाल तर ही नोंदणी आधीच करून ठेवलेली बरी. कारण २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा छोट्या उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर व्याज आणि त्यासाठी वेगळी कौन्सिल आहे. जीएसटी, हिशोब, रिटर्न हे सीएचं खातं. ब्रँडचं नाव आधी कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं. अर्जाची सरकारी फी ऑनलाइन भरली तर व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, त्यामुळे कुणी बिलात ‘गव्हर्नमेंट फी’ म्हणून याहून बरंच जास्त लावलं तर विचारा. पण नाव मिळतंजुळतं निघालं, हरकत आली, तर तिथे मात्र स्वतःच डोकं चालवू नये.

एक फरक सहसा कुणी सांगत नाही. वकिलाला तुम्ही व्यवसायासंबंधी जे विश्वासाने सांगता, ते तुमच्या परवानगीशिवाय त्याला उघड करता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्यात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. (गुन्हा करण्यासाठी सल्ला घ्याल तर हे संरक्षण नाही, उगाच आनंद मानू नका.) तुमचा सीए कितीही भरवशाचा असला तरी या कलमाचं संरक्षण त्याच्याशी झालेल्या बोलण्याला नाही.

‘अरे, माझा मामा वकील आहे ना!’

तर आपले तिघं वकील शोधायला निघतात आणि पाच मिनिटांत शोध संपतो. कारण पैसे घालणाऱ्याचा मामा वकील आहे. फीही घेणार नाही. घरी चहा प्यायला जायचं आणि काम करून आणायचं. याहून सोपं काय?

इथेच थांबायला हवं. मामा वाईट आहे म्हणून नाही. कदाचित मामाच सगळ्यात सज्जन माणूस असेल. पण डीड लिहिताना समोर प्रश्न असे येणार: ऐंशी हजार हे भांडवल की उसने? डिझाइन्सचा कॉपीराइट फर्मचा की डिझाइन करणारीचा? कुणी मध्येच सोडून एमबीएला गेलं तर त्याला काय मिळणार? प्रत्येक उत्तरात कुणाचा तरी फायदा आणि कुणाचं तरी नुकसान आहे. मामा भाच्याकडे बघणार, की भाच्याच्या मैत्रिणीकडे? तो मुद्दाम काही करणार नाही. पण ‘भांडवल घालणाऱ्याचा निर्णय अंतिम राहील’ असं एक साधं वाक्य सवयीने पडून जाईल आणि बाकीचे दोघं मामांसमोर कुठे बोलायचं म्हणून सही करून मोकळे होतील. मोठ्यांसमोर अवघडून गप्प बसायची आपली सवय इथे महागात पडते.

पुढे तिघांचं फाटलं तर? ज्या वकिलाने एका बाजूला दाव्यासाठी सल्ला दिला किंवा दाव्याचे कागद केले, त्याला त्याच प्रकरणात समोरच्या बाजूने उभं राहता येत नाही, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत आहे. आणखी एक नियम आहे, तो मला जास्त कामाचा वाटतो. काम हातात घेतानाच वकिलाने पक्षकारांशी आपलं काय नातं आहे, यात आपला काही संबंध गुंतलाय का, हे मोकळेपणाने सांगायचं असतं. म्हणजे ‘तुम्ही तिघांचे वकील की याचे मामा?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो विचारला जावा, असंच व्यवसायाच्या नियमांना अपेक्षित आहे. चांगला वकील रागावत नाही. उलट तोच म्हणतो, मसुदा मी करतो, पण तुम्ही दोघं सही करण्याआधी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

हा मधला मार्ग खरंच बरा आहे. मामाचा मसुदा घ्या, पण बाकीच्यांनी बाहेरच्या वकिलाला फक्त तो वाचायची फी द्या. अख्खं डीड करून घेण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं. आणि तिघांनी मिळून नवा वकील नेमला असेल तर पहिल्याच भेटीत ठरवून घ्या, की तो फर्मचा वकील आहे. सल्ला तिघांना एकत्र देणार. एकाने रात्री अकराला गुपचूप फोन करून ‘सर, त्याला कसं काढता येईल?’ असं विचारलं तर काय करणार, हेही त्याला आधीच विचारा. उत्तरावरून माणूस कळतो.

जाहिरात नाही, मग शोधायचा कसा?

सलून, क्लासेस, जिम, सगळ्यांच्या जाहिराती दिसतात. वकिलाच्या दिसत नाहीत, कारण भारतात वकिलांना जाहिरात करायला किंवा काम मागत फिरायला परवानगीच नाही. २००८ मध्ये नियमात सूट मिळाली तीही एवढीच, की वेबसाइटवर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कुठल्या प्रकारची कामं करतो, असा मोजका तपशील देता येतो. जुलै २०२४ मध्ये तर मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांना रेटिंग देऊन, दर लावून ‘विकणाऱ्या’ ऑनलाइन पोर्टल्सवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं. तेव्हा एखादा वकील रील टाकून ‘आजच फोन करा, केस जिंकून देतो’ म्हणत असेल, तर त्याच्या कायद्याच्या ज्ञानाविषयी तिथेच शंका घ्यायला जागा आहे.

मग राहते तोंडी चौकशी. पण ती कुणाकडे करायची, यात मेख आहे. घरच्या मोठ्यांना विचारलंत तर ते त्यांचा वकील सांगतील, ज्याने आजोबांच्या जमिनीची केस वीस वर्षं चालवली. ते दिवाणीतले दिग्गज असतील. पण ट्रेडमार्कची हरकत किंवा इन्फ्लुएन्सरशी करायचा करार त्यांनी पाहिलाच नसेल. त्यापेक्षा तुमच्याहून दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या छोट्या धंदेवाल्यांना विचारा. कॉलेजजवळचा कॅफेवाला, एक्झिबिशनमध्ये शेजारी स्टॉल लावणारी ताई, तुमचा प्रिंटरसुद्धा. प्रश्न ‘चांगला वकील आहे का?’ असा नको, ‘शेवटचं काम काय करून घेतलंत आणि फोन उचलायचे का?’ असा विचारा. सीए लोकांकडेही नावं असतात, कारण त्यांना रोजच वकील लागतात.

नाव मिळालं की थोडं डिटेक्टिव्ह व्हायचं. वकिलाचा सनद क्रमांक विचारणं अपमान नाही. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे आणि क्रमांकात नोंदणीचं वर्षही असतं, म्हणजे अनुभव किती, हे आपोआप कळतं. दुसरं म्हणजे सरकारचं ई-कोर्ट्स अ‍ॅप. त्यात वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. कुठल्या कोर्टात, कुठल्या प्रकारच्या केसेस जास्त, हे अंदाजाने समजतं. आकडा मोठा म्हणजे वकील भारी, असं मात्र समजू नका. ज्याच्याकडे रोज पंधरा तारखा आहेत त्याला तुमचं आठ पानी डीड वाचायला वेळ कधी मिळणार, हाही विचार करायचा. आणि करार लिहिण्यात मुरलेले काही वकील कोर्टात फारसे दिसतच नाहीत, ते अ‍ॅपवर सापडणार नाहीत.

मला विचाराल तर आपल्यासारख्यांना सात-आठ वर्षं प्रॅक्टिस झालेला, स्वतः फोन उचलणारा वकील मोठ्या नावापेक्षा जास्त कामाचा. मोठ्या ऑफिसात तुमचं काम शेवटी ज्युनिअरच्याच टेबलावर जातं. त्यात वाईट काही नाही, फक्त ‘सर, माझं काम नेमकं कोण करणार?’ हे विचारून त्या ज्युनिअरला भेटून या.

पैशांचं बोलताना लाजू नका

फीचे प्रकार साधारण तीन. एका कागदाची ठरावीक फी, दर तारखेची फी किंवा महिन्याची बांधलेली फी. आपल्याला पहिला प्रकार पुरतो. त्यात किती वेळा बदल करून मिळतील, स्टॅम्प आणि नोंदणीचा खर्च धरलाय का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या आणि पावती मागा. ‘आत्ता काही देऊ नका, वसुली झाली की वीस टक्के द्या’ हे ऐकायला गोड वाटतं, पण निकालावर किंवा वसुलीच्या टक्केवारीवर फी ठरवणं भारतात वकिलाला मनाई आहे. अशी ऑफर देणारा पहिल्याच भेटीत नियम मोडतोय.

पहिल्या भेटीत मी तरी एक परीक्षा घेईन. चेक बाउन्स झाला तर काय करायचं, असं विचारायचं. ज्याला हे काम माहीत आहे तो लगेच तारखांवर येतो: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून समोरच्याला पंधरा दिवस, आणि नाहीच दिले तर त्यापुढे एका महिन्यात तक्रार. ‘होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका’ एवढंच म्हणणाऱ्यापेक्षा ‘तुमचं हे कच्चं आहे’ असं तोंडावर सांगणारा बरा.

कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका, तो कितीही घाईत असला तरी. मूळ कागद शक्यतो आपल्याकडे, त्याला झेरॉक्स किंवा स्कॅन. फी राहिली म्हणून वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय.

निवड एवढी तपासून का करायची, याचं एक कारण मे २०२४ चं आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा दिला. मोबाइल खराब निघाला तर ग्राहक मंचात जाता येतं, वकिलाचं काम खराब निघालं तर नाही. गैरवर्तन असेल तर राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि ती सनदेपर्यंत जाऊ शकते. पण हुकलेली तारीख त्याने परत येत नाही.

आणि खिशात काहीच नसेल तर? १९८७ च्या विधी सेवा कायद्यात मोफत मदत फक्त गरिबांना आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतले लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता ती मिळू शकते, आणि मदत म्हणजे केसच असं नाही, कायद्याचा सल्लाही त्यात येतो. म्हणजे झुमके विकणारी एस.वाय.ची मुलगी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारू शकते. हेल्पलाइन आहे १५१००. शिवाय लॉ कॉलेजमध्ये लीगल एड क्लिनिक असावंच लागतं. तिथले विद्यार्थी कोर्टात तुमच्यासाठी उभे राहू शकत नाहीत, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली तुमचा प्रश्न नीट मांडून देतात आणि कुठे जायचं ते सांगतात. कॅम्पस शेजारी असूनही आपल्याला हे माहीत नसतं, ही कमाल आहे.

वकिलाकडे जायच्या आदल्या दिवशी तिघांनी एकत्र बसून काही उत्तरं लिहून न्या, फी वाचते. नफा कसा वाटायचा? घातलेले पैसे परत द्यायचे की नाही, आणि कधी? दोघांचं एक मत आणि तिसऱ्याचं दुसरं असेल तर काय? कुणी सोडलं तर त्याला किती आणि किती महिन्यांत? ब्रँडचं नाव कुणाच्या नावावर? यावर तासभर वाद झाला तर होऊ द्या, तो वकिलाच्या केबिनमध्ये झाला असता तर महाग पडला असता. आणि यादीत हेही घाला: उद्या मोडलंच, तर इन्स्टा पेजचा पासवर्ड आणि ते अठरा हजार फॉलोअर्स कुणाकडे राहणार? वकील हे स्वतःहून विचारेलच असं नाही. त्याच्या वेळी ही प्रॉपर्टी नव्हती.